अर्ध्यावर मिटलेली कादंबरी

वाचनालयांतील जुन्या पुस्तकाची कड पाहण्याची मला फार दिवसांची खोड आहे. पुस्तक मिटून उजेडाकडे धरलें म्हणजे पानांच्या कडेवर वाचकांच्या बोटांनीं उमटविलेला एक मळकट पट्टा दिसतो. कांहीं पुस्तकांत तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखा असतो. कांहींत मात्र साठ-सत्तर पानांपर्यंत काळसर, आणि पुढें एकाएकीं स्वच्छ. ज्या ठिकाणीं पट्टा फिका पडतो त्या ठिकाणीं किती तरी वाचकांनीं पुस्तक मिटलें असलें पाहिजे. नोंदवहींत पुस्तक कोणीं नेलें आणि केव्हां परत केलें एवढेंच लिहिलेलें असतें. कोठपर्यंत वाचलें, तें ही कड सांगते.

मराठी कादंबरीचा इतिहास आपण लेखकांच्या नांवांनीं आणि प्रकाशनाच्या सालांनीं लिहितों, आणि तें रास्तच आहे. परंतु कादंबरी हातांत पडल्यावर ती पुढें वाचावी कीं येथेंच ठेवावी, हा निर्णय आपला वाचक कसा करीत आला, यालाहि एक इतिहास आहे. विषय किरकोळ वाटेल. पण आयुष्यांत वाचून होणारीं पुस्तकें मोजकींच असतात. वर्षाला पंचवीस आणि वाचनाचीं वर्षें चाळीस धरलीं, तर हिशेब हजारावर थांबतो. या हजारांत कोणाला जागा द्यावयाची हा प्रश्न किरकोळ म्हणतां येत नाहीं. शिवाय भलत्या पानावर मिटलेलें एखादें पुस्तक माणसाला स्वतःच्या समाजाविषयीं किती काळ अडाणी ठेवूं शकतें, तें मी पुढें अनुभवानें सांगणार आहें.

गंमत अशी कीं, आपल्या भाषेनें या वाङ्मयप्रकाराला जें नांव दिलें तें मुळांतच एका अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाचें नांव आहे. इंग्रजी शब्दावरून 'नावल' असा शब्द मराठींत कांहीं काळ चालला. पण टिकला तो 'कादंबरी' हाच, आणि मराठीप्रमाणें कानडींतहि तोच रूढ झाला. सातव्या शतकांत हर्षाच्या पदरीं असलेल्या बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या हातून पुरी झाली नाहीं. तो वारल्यावर त्याच्या मुलानें उत्तरभाग रचून ती शेवटास नेली. या मुलानें आरंभीं दिलेलें कारण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आपण हें काम कवित्वाच्या अभिमानानें हातीं घेतलेलें नाहीं. कथा अपुरी राहिल्याचें सज्जनांना दुःख झालें, तें पाहून घेतलें, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. म्हणजे तेराशें वर्षांपूर्वींहि मधेंच तुटलेल्या गोष्टीची रुखरुख वाचकांना लागत होती. आतां बाण वाचावयास बसलेल्यांपैकीं किती जण त्या उत्तरभागापर्यंत पोंचतात, हें संस्कृतच्या अध्यापकांना एकांतांत विचारावें. वेबर नांवाच्या जर्मन पंडितानें बाणाच्या गद्याला हिंदुस्थानांतील जंगलाची उपमा दिली होती. आम्हां विदर्भांतल्या लोकांना जंगलाचें भय नाहीं, तरी तेथें वाट चुकल्याची कबुली द्यावी लागते.

अर्धवट पुस्तकाची जी टोचणी आपल्याला लागते तिचें दुसरें मूळ घरांतल्या पोथींत असावें, असें मला वाटतें. 'गुरुचरित्रा'चा सप्ताह मांडला कीं तो सात दिवसांत पुरा व्हावयाचा. मधेंच खंड पडूं द्यावयाचा नाहीं. पोथी कंटाळवाणी झाली असें कोणी म्हणत नसे, कारण तेथें परीक्षा वाचकाची होती, पोथीची नव्हती. शेवटीं फलश्रुति असे, आणि तिचा लाभ शेवटपर्यंत बसणाऱ्यालाच. हा संस्कार घेऊन आपले आजे-पणजे छापील कादंबरीकडे वळले. कादंबरीला फलश्रुति नसते. पण ज्या हातांनीं चौरंगावरची पोथी सोडली, त्याच हातांनीं उघडलेलें हें नवें पुस्तक मधेंच मिटतांना त्यांना कांहीं तरी चुकल्यासारखें वाटत असेल, तर तें स्वाभाविक होतें. आजहि पुष्कळ सुशिक्षित मंडळी कंटाळत, जांभया देत कादंबरी शेवटास नेतात आणि कर्तव्य केल्यासारखा सुस्कारा टाकतात. तो सुस्कारा पारायणाचा आहे.

बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघालें. पहिली मराठी कादंबरी म्हणून त्याचें नांव घेतलें जातें. विधवांच्या स्थितीचें निरूपण हा त्याचा उघड हेतु, आणि नायिका अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. हें पुस्तक मधेंच मिटण्याला कंटाळ्याखेरीज दुसरीहि कारणें त्या काळच्या घरांत सहज सांपडलीं असतील. पुढें १८६१ त लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ त रिसबुडांची 'मंजुघोषा' आली, आणि वाचकाला अद्भुताची गोडी लागली. येथें संकटांना तोटा नव्हता, योगायोगांनाहि नव्हता. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ सालीं नावल व नाटक या विषयावर निबंध लिहून या असंभाव्यतेची झडती घेतली. त्यांचें म्हणणें आज जुनें वाटत नाहीं. जगांत जें घडूं शकत नाहीं त्यानें वाचकाला घटकाभर ओढून नेतां येतें. पण ओढला गेला म्हणजे त्याला कांहीं मिळालें असें होत नाहीं. पुस्तक हातांतून सुटत नाहीं आणि पुस्तक वाचण्याजोगें आहे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याची जाणीव मराठी टीकेला इतक्या लवकर झाली होती.

मग हरिभाऊ आपटे आले, आणि निर्णयाची रीतच बदलली. १८९० सालीं त्यांनीं पुण्यास 'करमणूक' साप्ताहिक काढलें आणि त्यांत 'पण लक्ष्यांत कोण घेतो' ही कादंबरी हप्त्याहप्त्यानें छापली. पुस्तकाच्या वाचकाला शेवटचें पान उघडून पाहतां येतें; हप्त्याच्या वाचकाला तें येत नाहीं. हप्त्याचा लेखकहि बांधलेला असतो. दर आठवड्याला त्याला वाचकाची संमति नव्यानें मिळवावी लागते. विलायतेंत डिकन्सनें हेंच केलें होतें. मात्र या व्यवस्थेंत कधीं कधीं वाचकाच्या आधीं लेखकच थांबतो. हरिभाऊंच्याहि कांहीं कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या आहेत. बाणापासून चालत आलेला हा वारसाच म्हणावयाचा.

'पण लक्ष्यांत कोण घेतो' आज पुस्तकरूपानें वाचणाऱ्याची एक अडचण होते, ती मीं महाविद्यालयांतल्या मुलांमुलींच्या तोंडून ऐकली आहे. यमू आपली हकीकत स्वतः सांगते, आणि आरंभीं बराच वेळ ती लहानपणच्या गोष्टी सांगत राहते: माजघरांतलीं बोलणीं, वडिलांचा धाक, आजी, भाऊ, लग्नाची घाई. कांहीं घडत नाहीं असें वाचकाला वाटतें आणि तो पुस्तक ठेवतो. येथें त्याचा अंदाज साफ चुकतो. हीं पानें आपल्याला त्या घरांत राहावयास नेतात. पुढें यमूवर जें ओढवतें तें आपल्याला परक्या मुलीवर ओढवल्यासारखें वाटत नाहीं, याचें कारण आरंभींची ही सावकाशी आहे. साप्ताहिकाच्या वाचकाला ती सावकाशी जाणवली नसावी. यमू त्याच्या घरीं आठवड्यांतून एकदां येत होती, आणि वर्ष-दीड वर्ष येणाऱ्या मुलीशीं आपोआप ओळख होते. आपण तीच ओळख दोन दिवसांत करूं पाहतों आणि ती होत नाहीं म्हणून लेखकाला दोष देतों.

उलट बाजूचें उदाहरण गोविंद नारायण दातारशास्त्री यांचें. रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या गोष्टींना त्यांनीं असा कांहीं मराठी पेहेराव चढविला कीं 'कालिकामूर्ति' किंवा 'इंद्रभुवनगुहा' अर्ध्यावर ठेवलेला माणूस मला अजून भेटावयाचा आहे. भुयारें, वेषांतरें, गुप्त दरवाजे! मीं स्वतः त्या रात्रीं जागून वाचल्या आहेत, आणि सकाळीं त्यांतलें एकहि पात्र मनांत उरलें नव्हतें. याला मी तक्रार म्हणत नाहीं. शिळोप्याच्या गप्पांनाहि जागा असते. पण पट्ट्याची कड शेवटपर्यंत काळी असणें हा पुस्तकाच्या थोरवीचा पुरावा होऊं शकत नाहीं, एवढें यावरून दिसतें.

इंग्रजांचा तो फटकळ पंडित डॉक्टर जॉन्सन याला १७७३ सालीं एका गृहस्थानें एका नव्या पुस्तकाविषयीं विचारलें, तेव्हां आपण तें चाळलें आहे असें तो म्हणाला. पुरें वाचलें नाहीं काय, असें त्यानें पुन्हां विचारतांच जॉन्सन उसळला आणि तुम्ही पुस्तकें पुरीं वाचतां काय, असा उलट सवाल त्यानें केला. बॉस्वेलनें ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. जॉन्सनला तें शोभलें. ज्यानें शब्दकोशासाठीं शेंकडों ग्रंथ उलथेपालथे केले त्याला चाळण्याचा अधिकार होता. आपण त्याचा दाखला देतों तेव्हां बहुधा त्याची विद्वत्ता सोडून देऊन त्याचा आळसच तेवढा उचलीत असतों.

निर्णयाचा हा अधिकार घरांतल्या बायकांच्या वाट्याला तर फारच उशीरा आला. पुस्तक आणावयाचें पुरुषानें. तें घरांत ठेवण्याजोगें आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें त्यानेंच. काशीबाई कानिटकर लग्न झाल्यावर वाचावयास शिकल्या, आणि घरच्या माणसांची चेष्टा सोसून शिकल्या. पुढें त्या स्वतः कादंबरीकार झाल्या आणि हरिभाऊंशीं त्यांचा वाङ्मयीन स्नेह जडला. अशा स्त्रीला एखादें पुस्तक नापसंत करून खालीं ठेवतां येणें ही केवढी मोठी कमाई होती, याची कल्पना आज करणें कठीण आहे. जिला वाचण्याचीच चोरी, तिला न वाचण्याची मोकळीक कोठून असणार? दुपारीं भांडीं आवरल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा जो तास-दीडतास मिळे, त्यांतलीं किती पानें कोणाला द्यावयाचीं हा हिशेब त्या पिढींतल्या बायकांनीं जितका बारकाईनें केला असेल तितका कोणा प्राध्यापकानें केला नसेल.

१९१५ च्या सुमारास वामन मल्हार जोशी यांची 'रागिणी' आली, आणि वाचकापुढें अगदीं नवा पेंच पडला. 'मनोरंजन' मासिकांत ती क्रमशः येत होती. तिचें दुसरें नांवच 'काव्यशास्त्रविनोद' असें आहे, आणि वामनरावांनीं त्या नांवाला जागून गोष्ट थांबवून पात्रांना मनसोक्त वाद घालूं दिला आहे. वेदांत, स्त्रीस्वातंत्र्य, नीति, काव्य! कोणी वाद गाळून गोष्ट वाचली, कोणी गोष्ट सोसून वाद वाचला. पुढें वाचावें कीं ठेवावें या दोन वाटांच्या मधली ही तिसरी वाट, गाळून वाचण्याची, मराठी वाचकाला 'रागिणी'नें शिकविली असें म्हटलें तरी चालेल. मला ती वाट फारशी मानवत नाहीं. वाद गाळल्यावर रागिणीच्या गोष्टींत जें उरतें तें दातारशास्त्र्यांनीं अधिक रंगवून सांगितलें असतें.

आतां ज्या पुस्तकानें माझा अंदाज साफ खोटा पाडला त्याकडे येतों. श्रीधर व्यंकटेश केतकर हे जन्मानें मध्यप्रांताचे. १८८४ सालीं रायपुरास त्यांचा जन्म झाला, शाळा अमरावतीस झाली, पुढें अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत शिकून जातिसंस्थेच्या इतिहासावर १९०९ सालीं त्यांनीं इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचें मंडळ उभें राहिलें तें आमच्या नागपुरांतच. कारखाना मग पुण्यास गेला. तेवीस खंडांचा तो डोंगर उचलीत असतांनाच हा गृहस्थ कादंबऱ्या लिहीत होता. 'गोंडवनांतील प्रियंवदा' १९२६ ची. नांवांतलें गोंडवन म्हणजे आपलाच हा मुलूख. 'ब्राह्मणकन्या' १९३० सालीं निघाली.

त्याच सुमारास, १९२९ सालीं, ना. सी. फडके यांची 'दौलत' आली होती. रेखीव सुरुवात, खेळतें संभाषण, बेताची गुंतागुंत, वाचकाला कोठेंहि ठेंच लागूं न देणारी भाषा. दोन वर्षांनीं 'प्रतिभासाधन' लिहून फडक्यांनीं या कसबाचें शास्त्रहि सांगितलें. 'दौलत' आणि 'ब्राह्मणकन्या' एकाच फळीवरून एका वाचकानें उचलल्या असत्या, तर तो कोणती शेवटास नेईल याविषयीं पैज लावण्याची गरज नव्हती. केतकरांना सजावट ठाऊक नाहीं. वाक्यें वकिलाच्या टिपणासारखीं. प्रसंग रंगांत येतो न येतो तोंच समाजशास्त्राचें एक प्रकरण मधें घुसतें. पात्रें बोलतात तेव्हां तीं एकमेकांशीं बोलतात कीं ज्ञानकोशाच्या वर्गणीदारांशीं, असा संशय यावा.

'ब्राह्मणकन्या' मीं पहिल्यांदां विसाव्या वर्षीं उघडली आणि सत्तराव्या-ऐंशीव्या पानावर मिटली. कारण अगदीं साधें होतें. वैजनाथशास्त्री नांवाचे एक गृहस्थ त्यांत नवी स्मृति रचावयास घेतात, आणि ज्याला कादंबरी वाचावयाची आहे त्यानें स्मृति कां वाचावी, असें मला वाटलें. दुसऱ्यांदां उघडली ती एका परीक्षेसाठीं, आणि पानें उलटून, टिपणें काढून परत केली. तिसऱ्यांदां पन्नाशी उलटल्यावर. त्या वेळीं आमच्या नात्यांतल्या एका घरीं मुलीच्या लग्नावरून गोष्ट अडली होती. मुलगी शिकलेली, मिळवती. पण तिच्या आजीच्या कुळाविषयीं कोणीं तरी कांहीं तरी बोललें होतें, आणि बैठकींत बसलेले सारे पदवीधर लोक त्या बोलण्याभोंवतीं चोरासारखे घोटाळत होते. मीहि त्यांत होतों. कोणाच्या तोंडून स्पष्ट शब्द निघेना. रात्रीं घरीं आलों आणि मला कालिंदीची आठवण झाली.

कालिंदी ही 'ब्राह्मणकन्ये'ची नायिका. बाप सुशिक्षित ब्राह्मण, पण आईच्या कुळाकडून आलेला डाग तिच्या माथीं आहे. आपल्याला ब्राह्मण समाजांत सरळपणें जागा नाहीं हें उमगल्यावर ती एका लिंगायत व्यापाऱ्याबरोबर लग्नावांचून राहते, आई होते, तेथूनहि बाहेर पडते आणि मुंबईच्या मजुरांच्या जगांत येऊन पोंचते. वाटेंत बेने इस्रायल समाजांतलीं माणसें भेटतात. त्यांचे आपापसांतले उच्चनीच भाव केतकर तितक्याच कोरडेपणानें मांडतात. पहिल्या वाचनांत मला जें शुष्क वाटलें होतें तें या वेळीं अंगावर आलें. केतकर कालिंदीसाठीं अश्रु काढीत नाहींत. तिच्यावर कोणीं अन्याय केला, असें विचारीत ते बसत नाहींत; ज्या समाजाच्या नियमांत तिला बसवावयाला घरच नाहीं, त्या समाजानें आतां काय करावें, असें विचारतात. वैजनाथशास्त्र्यांची स्मृति त्या प्रश्नाचें उत्तर काढण्याची धडपड आहे. ती गाळली म्हणजे कालिंदी ही आणखी एक दुर्दैवी नायिका होते, आणि तशा नायिका मराठींत पुष्कळ आहेत. बैठकींत आम्हां पदवीधरांच्या तोंडून जें निघत नव्हतें तें या माणसानें १९३० सालीं, कसलाहि आडपडदा न ठेवतां, वाईट वाक्यांत लिहून ठेवलें होतें. त्या लग्नाचें काय झालें हें येथें सांगण्याचें कारण नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं मी त्या घरीं पुन्हां गेलों आणि आदल्या दिवशीं जें बोललों नव्हतों तें बोललों.

म्हणून म्हणतों, कंटाळा एक जातीचा नसतो. लेखकाजवळ सांगण्यासारखें कांहीं नाहीं म्हणून येणारा कंटाळा निराळा, आणि तो जें सांगतो आहे तें ऐकावयास आपला कान तयार नाहीं म्हणून येणारा निराळा. वाचतांना दोन्हींची जांभई एकच असते. फरक पुस्तक मिटल्यावर कळतो. पहिल्या जातीचें पुस्तक फळीवर गेलें कीं गेलें. दुसऱ्या जातीचें दुसऱ्या दिवशीं दाढी करतांना किंवा भाजी निवडतांना आठवतें, आणि आपण मनांतल्या मनांत त्या लेखकाशीं भांडूं लागतों. ज्याच्याशीं भांडावेंसें वाटतें त्याच्याकडे परत जावें, एवढी एक खूण मला सांपडली आहे. ती अचूक आहे असा माझा दावा नाहीं. विसाव्या वर्षीं मी केतकरांशीं भांडलोंहि नव्हतों, नुसता विसरलों होतों.

दुर्गाबाई भागवतांनीं १९६७ सालीं 'केतकरी कादंबरी' हें स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. केतकर वारले १९३७ त. म्हणजे तीस वर्षें मधें गेलीं. असें कोणी मागें वळून हात धरणारें भेटलें म्हणजे मिटलेलीं पानें पुन्हां उघडतात.

नागपुरांत त्या काळीं दुसऱ्या प्रकारची कादंबरी लिहिली जात होती ती गजानन त्र्यंबक माडखोलकरांची. 'मुक्तात्मा' १९३३, 'भंगलेलें देऊळ' १९३४. माडखोलकर संपादक, राजकारणाच्या ऐन भोंवऱ्यांत बसलेले, आणि भाषा अशी कीं प्रत्येक वाक्यानें शालजोडी पांघरावी. त्यांची राजकीय कादंबरी शेवटपर्यंत वाचण्याला एक जादा कारण होतें: परवांच्या वर्तमानपत्रांतले प्रश्न आज गोष्टींत भेटत. असें कारण फार दिवस टिकत नाहीं. वर्तमानपत्रें रद्दींत गेलीं कीं कादंबरीला स्वतःच्या पायांवर उभें राहावें लागतें, आणि माडखोलकरांच्या सगळ्याच कादंबऱ्यांना तें साधलें असें म्हणवत नाहीं. याउलट विश्राम बेडेकरांचें 'रणांगण' १९३९ चें. आटोपशीर, एका बैठकींत संपणारें. बोटीवरचा तो प्रवास संपतो तेव्हां ठेवावें कीं वाचावें हा प्रश्नच कधीं पडला नाहीं, हें मागाहून ध्यानांत येतें. थोडक्यांत लिहिणें ही वाचकावर केवढी कृपा आहे!

या साऱ्या पसाऱ्यांतून, कोणतेंहि पुस्तक मधें मिटण्याची मुभा नसतां, ज्यांना वाट काढावी लागली त्या कुसुमावती देशपांडे. त्यांचा जन्म अमरावतीचा, १९०४ चा. लंडन विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करून त्या नागपुरास मॉरिस कॉलेजांत इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या. कवि अनिल हे त्यांचे पति. 'मराठी कादंबरी : पहिलें शतक' हा त्यांचा ग्रंथ दोन भागांत १९५३-५४ सालीं निघाला. शंभर वर्षांच्या कादंबऱ्या वाचावयाच्या म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. 'मुक्तामाले'पासून तों आपल्या समकालीनांपर्यंत, चांगल्या, बऱ्या, टाकाऊ, सगळ्या. पारायण म्हणावें तर हेंच. पण हें पारायण श्रद्धेनें मान लववून केलेलें नव्हतें. माणसाच्या जीवनाचें दर्शन या पुस्तकांत किती खोल घडतें, हा प्रश्न त्यांनीं प्रत्येकीला विचारला, आणि लोकप्रियता किंवा तंत्राची सफाई पाहून तो मागें घेतला नाहीं. काशीबाई चोरून वाचावयास शिकल्या, त्यानंतर दोन-तीन पिढ्यांच्या आंत विदर्भांतली एक स्त्री मराठी कादंबरीच्या सगळ्या शतकाचा न्यायनिवाडा करावयास बसली, हीहि या इतिहासांतली एक मोठी गोष्ट आहे.

त्यांच्या टीकालेखांच्या पुस्तकाचें नांव 'पासंग'. तराजूचीं पारडीं मुळांतच सारखीं नसलीं म्हणजे हलक्या बाजूला जो लहानसा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात, तो पासंग. नांवाचा अर्थ त्यांच्या मनांत काय होता याचा तर्क मी करीत नाहीं. मला मात्र तो शब्द वाचकाच्या कामाचा वाटतो. आपल्या मनाचीं पारडीं कधींच सारखीं नसतात. कोणाला गोड भाषेची ओढ, कोणाला उत्कंठेची, कोणाला आपल्याच जातीगोतीच्या माणसांची. पुस्तक हलकें ठरविण्यापूर्वीं आपली कोणती बाजू जड आहे हें पाहून दुसरीकडे थोडें वजन बांधावें लागतें. विसाव्या वर्षीं माझी बाजू फडक्यांच्या भाषेकडे झुकलेली होती, आणि पासंग बांधावयास सांगणारें कोणी नव्हतें.

कुसुमावतींनीं सगळें वाचलें, म्हणून तुम्हांआम्हांला सगळें वाचण्याची गरज उरली नाहीं. टीकाकाराचा हा उपकार आपण फारसा मोजीत नाहीं. तो आपल्यासाठीं कंटाळा सोसतो. १९६१ सालीं ग्वाल्हेरच्या साहित्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्या गेल्या. दोन वर्षांनीं भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली, आणि घरोघर पुन्हां तोच तंटा सुरू झाला. कोणी दहाव्या पानावर वैतागून ठेवली, कोणाला पानेंच्या पानें तोंडपाठ. बापलेकांत एकमत होईना. त्या तंट्यांत कुसुमावतींचें मत ऐकावयास मिळालें असतें तर फार बरें झालें असतें.

गेल्या पावसाळ्यांत मी वाचनालयांत 'ब्राह्मणकन्ये'ची ती जुनी प्रत परत करावयास गेलों. कड पाहिली. पट्टा अजून सत्तर-ऐंशी पानांपाशींच फिका होतो. माझ्या एकट्याच्या बोटांनीं पुढच्या पानांवर कितीसा मळ बसणार? पलीकडे एक काकू उभ्या होत्या. त्यांनीं पुस्तक हातांत घेऊन उलटसुलट केलें आणि विचारलें, "पुढें बरी आहे का हो ही? आमच्या सूनबाईनें आरंभ करून ठेवून दिली."

"कोठपर्यंत आल्या होत्या त्या?"

"तें कांहीं तरी शास्त्रीबुवांचें येतें ना मधें, तेथपर्यंत."

"काकू, तेथूनच पुढें वाचा," मीं म्हटलें. "आणि सूनबाईंनाहि तेथूनच वाचून दाखवा."

त्यांनीं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलें, मग पुस्तक पिशवींत टाकून नोंदवहीवर सही केली.